चोरीला गेलेला मोबाइल: बंद कसा होतो आणि सापडतो कसा

पुढे वाचण्याआधी फोनच्या डायलरवर *#०६# दाबा. कॉलचे बटण दाबावे लागत नाही. शेवटचा हॅश पडताच पडद्यावर पंधरा आकडी क्रमांक येतो. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन क्रमांक येतात. ते कागदावर उतरवून घरात ठेवा, किंवा स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा. त्याच फोनमध्ये ठेवलेला स्क्रीनशॉट फोनबरोबरच जातो. चोरीची तक्रार करायला गेलेली माणसे सर्वात जास्त वेळा अडतात ती याच क्रमांकापाशी, आणि तो आधी टिपून ठेवायला अर्धे मिनिट पुरते.

या क्रमांकाला आयएमईआय म्हणतात. गाडीची उपमा घ्यायची तर सिम ही नंबरप्लेट आणि आयएमईआय हा चासी नंबर. चोर सिम काढून फेकतो तेव्हा तुमचा मोबाइल नंबर फोनपासून सुटा होतो, पण हँडसेटची ओळख तशीच राहते. सिम बंद करणे आणि हँडसेट बंद करणे ही त्यामुळे दोन वेगळी कामे आहेत. ती दोन वेगळ्या ठिकाणी होतात, आणि एक केले म्हणून दुसरे होत नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून सिम बंद केले की पुष्कळांना वाटते, फोनही बंद झाला. तो बंद झालेला नसतो. दुसरे सिम घातले की तो सुरळीत चालतो.

आयएमईआयमधले पहिले आठ आकडे फोनचा मेक आणि मॉडेल सांगतात. ते जीएसएमए या जागतिक संघटनेच्या व्यवस्थेतून दिले जातात. पुढचे सहा आकडे त्या एका फोनचा अनुक्रमांक. शेवटचा आकडा तपासणीचा, आधीच्या चौदा आकड्यांवरून गणिताने काढलेला. गणित सोपे आहे: डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम स्थानावरचा आकडा दुप्पट करायचा, उत्तर दोन अंकी आले तर त्याचे अंक मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जितके लागतील तो शेवटचा आकडा. ४९०१५४२०३२३७५१ या चौदा आकड्यांची अशी बेरीज ५२ येते, म्हणून पंधरावा आकडा ८. पुसट बिलावरून किंवा जुन्या खोक्यावरून क्रमांक उतरवताना एखादा आकडा ३ आहे की ८ अशी शंका आली तर हे गणित करून पाहा. एक आकडा चुकला तरी बेरीज जुळत नाही.

काही फोनवर पंधरा आकड्यांनंतर तिरकी रेघ आणि ०१ असे आणखी दोन आकडे दिसतात. ते सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे असतात. कोणत्याही फॉर्ममध्ये पहिले पंधराच भरायचे.

फोन गेल्यानंतर आयएमईआय शोधायची वेळ आली तर खोके पाहा; त्याच्या बाहेरच्या चिकटपट्टीवर तो बारकोडसह छापलेला असतो. दुकानाच्या बिलावर बहुतेक वेळा असतो. ऑनलाइन घेतला असेल तर त्या खात्यातल्या जुन्या ऑर्डरींमधून बिल पुन्हा उतरवून घेता येते. अँड्रॉइड फोन असेल तर गुगलच्या फाइंड हब या फोन शोधायच्या सोयीत त्या उपकरणाच्या माहितीत आयएमईआय दिसतो, आणि आयफोनचा क्रमांक ॲपल खात्याच्या उपकरणांच्या यादीत सापडतो.

पहिला अर्धा तास

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि अनेक जण तो उलटा करतात. फोन गेला की पहिले काम म्हणून सिम बंद करायचे, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण सिम बंद झाले की फोनचे मोबाइल इंटरनेटही बंद होते आणि मग दुरून त्याला कुलूप लावता येत नाही, तो कुठे आहे तेही दिसत नाही. चोराने अजून फोन बंद केलेला नसेल तर ही मिनिटे फार मोलाची असतात.

म्हणून आधी शेजारच्या माणसाचा फोन घ्या. अँड्रॉइडसाठी गुगलचे फाइंड हब उघडा; २०२५ पर्यंत याचे नाव फाइंड माय डिव्हाइस होते. ॲपमध्ये पाहुणा म्हणून, म्हणजे 'गेस्ट' पर्याय वापरून आत जाता येते, त्यामुळे तुमचे खाते त्या फोनवर कायमचे बसत नाही. आयफोनसाठी ब्राउझरमध्ये आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड उघडा. तिथे ॲपल खात्याचा पासवर्ड पुरतो, दुसऱ्या टप्प्याचा कोड लागत नाही, कारण तो कोड जिथे यायचा तो फोनच गेलेला असतो हे कंपनीने लक्षात घेतले आहे. गुगलच्या बाबतीत मात्र दोन टप्प्यांची खातरजमा चालू असेल तर विचारणा नेमकी चोरलेल्या फोनवर जाऊ शकते. यावर उपाय आधीच करून ठेवावा लागतो. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ आकड्यांचा. ते छापून पाकिटात नव्हे, घरी ठेवा.

आत गेल्यावर फोन 'हरवला' असे नोंदवा. त्याने स्क्रीनला कुलूप लागते आणि पडद्यावर संपर्कासाठी दुसरा नंबर दाखवता येतो. नकाशावर ठिकाण दिसले तर त्याचा वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. हा स्क्रीनशॉट पोलिसांना द्यायचा आहे. तो पाहून स्वतः तिथे जाऊ नका. चोरलेले फोन एकाच ठिकाणी बरेच साठवले जातात आणि तिथे एकटा माणूस भेटत नाही.

पासवर्ड आठवत नसेल तर अँड्रॉइडमध्ये आणखी एक वाट आहे. अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पानावर फक्त स्वतःचा मोबाइल नंबर टाकून फोन कुलूपबंद करता येतो. ती सोय सेटिंगमधल्या चोरीपासून संरक्षणाच्या विभागात आधी चालू करून ठेवलेली असली पाहिजे. त्याच विभागात आणखी एक सोय आहे: फोन हातातून हिसकावून कोणी पळाले तर हालचालीवरून ते ओळखून स्क्रीनला आपोआप कुलूप लागते. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर हे मिळते. आयफोनवर आयओएस १७.३ पासून चोरीपासून संरक्षणाची वेगळी सोय आहे. ती चालू असेल तर पासकोड माहीत असलेल्या चोरालाही घराबाहेरच्या अनोळखी ठिकाणी खात्याचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही. चेहरा किंवा बोट दाखवावे लागते आणि वर तासभर थांबावे लागते.

डेटा पुसायचा की नाही? फोनमध्ये फार नाजूक माहिती असेल आणि तो परत मिळण्याची आशा सोडली असेल तरच. अँड्रॉइड फोन दुरून पुसला की फाइंड हबवर त्याचे ठिकाण दिसणे थांबते. स्क्रीनला पक्के कुलूप असेल तर पुसायची घाई करू नका.

एक गोष्ट काही झाले तरी करू नका. गुगल किंवा ॲपल खात्यातून ते उपकरण काढून टाकू नका. ते खात्यात आहे तोवर चोराने फोन मूळ स्थितीत आणला तरी सुरू करताना तो तुमचाच पासवर्ड मागतो. खात्यातून काढले की हे कुलूप तुम्हीच उघडून दिल्यासारखे होते. चोरांना हे चांगले माहीत आहे. म्हणून फोन गेल्यावर काही दिवसांनी तुमच्या नव्या सिमवर 'तुमचा आयफोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे दाबा' असा संदेश येतो. दुवा उघडला की हुबेहूब ॲपलसारखे पान दिसते आणि पासवर्ड मागते. पासवर्ड दिला की फोन कायमचा गेला. कधी कंपनीचा किंवा पोलिसांचा माणूस म्हणून फोनही येतो आणि पासकोड विचारला जातो. खऱ्या तपासात पासवर्ड लागत नाही. फोन शोधायला आयएमईआय पुरतो.

हे झाले की लगेच सिम बंद करा. फोन आधीच बंद दाखवत असेल, किंवा त्याला स्क्रीनलॉकच नसेल, तर पहिले काम सिम आणि बँकेचेच. कारण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की तुमचे ओटीपी चोराकडे यायला लागतात. स्क्रीनलॉक कितीही पक्के असले तरी सिमला त्याचे संरक्षण नाही. यावर जुना आणि आता जवळपास विस्मरणात गेलेला उपाय म्हणजे सिमचा पिन. सेटिंगमध्ये सिमलॉक चालू केले की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर चार आकडी पिन मागते. तीनदा चुकले की पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडण्याचा कोड लागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचे बाद होते. चालू करताना कंपनीने दिलेला मूळ पिन लागतो. तो अंदाजाने टाकू नका, आधी कस्टमर केअरला विचारा.

बँकेला फोन करून यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि कार्डे थांबवा, तक्रार क्रमांक घ्या आणि वेळ लिहून ठेवा. वेळेला इथे कायद्याचे वजन आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचे नुकसान बँकेवर येते. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात, बँकेकडून माहिती आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर काही बोजा पडत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी तक्रार करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवायची असते, त्यामुळे इथे तासातासाला फरक पडतो.

पोलीस ठाण्यात

तक्रार चोरीची की गहाळ झाल्याची, हा मुद्दा बारीक वाटतो पण पुढे सगळे त्यावर ठरते. खिशातून कधी पडला ते माहीतच नसेल तर 'गहाळ' बरोबर आहे. त्याची नोंद महाराष्ट्रात पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही करता येते. पण खिशातून काढला, हातातून हिसकावला, घरातून नेला असेल तर ती चोरी आहे आणि गुन्हा म्हणूनच नोंदवली गेली पाहिजे. भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम ३०३ आहे आणि हिसकावून नेण्याला कलम ३०४ स्वतंत्रपणे दिले आहे. गहाळ नोंदीवर फोन बंद करता येतो, पण विम्याचा दावा करायचा असेल तर विमा कंपन्या सहसा एफआयआर मागतात, आणि गुन्हाच नोंद नसेल तर चोरापर्यंत जाणारा तपासही होत नाही. तेव्हा घडले तसेच सांगा आणि तसेच लिहून घ्या, असा आग्रह धरा.

चोरी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली असली तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. हे सगळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. रेल्वेच्या डब्यात किंवा स्थानकात चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. रेल्वे सुरक्षा दलही २०२५ पासून फोन बंद करण्याच्या केंद्रीय यंत्रणेला जोडले गेले आहे आणि १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर तक्रार घेतली जाते.

तक्रारीत दोन्ही आयएमईआय लिहिले आहेत ना, आणि ते बरोबर आहेत ना, हे सही करण्यापूर्वी आकडा-आकडा लावून पाहा. एक आकडा चुकला तर तुमच्या फोनचा शोधच लागत नाही.

हँडसेट बंद करणे

आता मुख्य काम. दूरसंचार विभागाची सीईआयआर नावाची केंद्रीय नोंदवही आहे; ती सरकारच्याच सी-डॉट या संस्थेने बनवली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिची सुरुवात महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीपासून झाली, आणि मे २०२३ मध्ये संचार साथी संकेतस्थळाबरोबर ती देशभर खुली झाली. जानेवारी २०२५ पासून संचार साथीचे मोबाइल ॲपही आहे. संकेतस्थळाचा पत्ता संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन. शुल्क काही नाही. कोणी पैसे मागत असेल तर तो सरकारचा माणूस नव्हे.

फॉर्म भरण्याआधी त्याच नंबरचे दुसरे सिम घेऊन या. ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत गेले की मिळते. पण इथे एक अडचण येते जी कोणी आधी सांगत नाही: नवे सिम सुरू झाल्यावर सुमारे चोवीस तास त्यावर एसएमएस येत नाहीत. सिम बदलून बँकेचे ओटीपी पळवणाऱ्यांना रोखण्यासाठी ही मुद्दाम घातलेली अट आहे. सिममध्ये बिघाड नसतो. ओटीपी आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा फॉर्म भरू नका. एक दिवस थांबा, किंवा ओटीपीसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर द्या.

फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिल्यात फोनची माहिती: त्यात चालू असलेले मोबाइल नंबर, दोन्ही आयएमईआय, मेक, मॉडेल आणि बिलाची प्रत. दुसऱ्यात घटना: ठिकाण, तारीख, राज्य, जिल्हा, पोलीस ठाणे, तक्रार क्रमांक आणि तक्रारीची प्रत. तिसऱ्यात मालकाचे नाव, पत्ता, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी नंबर. कागदांचे फोटो स्पष्ट पण आकाराने लहान करून ठेवा. फार मोठी फाइल चढत नाही. पोलीस ठाणे निवडताना जिथे तक्रार नोंदवली तेच निवडायचे, घराजवळचे नव्हे, कारण पुढे माग लागल्यावर सूचना तिथेच जाते. दोन सिमच्या फोनचा एकच आयएमईआय भरणे ही सर्रास होणारी चूक आहे. तसे केले तर दुसऱ्या खाचेत सिम घालून फोन चालू राहतो.

अर्ज गेला की रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो जपून ठेवा. अर्जाची स्थिती पाहायला तो लागतो आणि फोन मिळाल्यावर पुन्हा सुरू करायलाही. साधारण चोवीस तासांत फोन देशातल्या सर्व कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. हे सगळे स्वतः करणे जमत नसेल तर पोलीसही त्यांच्या बाजूने हीच विनंती नोंदवू शकतात.

आत काय घडते

कोणताही फोन नेटवर्कवर येताना टॉवरमार्फत कंपनीला दोन ओळखी देतो, एक सिमची आणि एक हँडसेटची. कंपनीकडे हँडसेटची नोंदवही असते आणि तिच्यात काळी यादी असते. आलेला आयएमईआय काळ्या यादीत असेल तर नेटवर्क त्याला आत घेत नाही. ही सोय कंपन्यांकडे पूर्वीपासून होती, पण प्रत्येकीची यादी वेगळी. एका कंपनीने बंद केलेला फोन दुसरीच्या सिमवर मजेत चालायचा. सीईआयआरने या याद्या एकत्र जोडल्या.

बंद केल्यावर शोध थांबतो ही भीती मात्र निराधार आहे. बंद फोनमध्ये कोणी सिम घातले की तो नेटवर्कवर यायचा प्रयत्न करतो, आणि त्या प्रयत्नातच कोणत्या सिमवरून तो झाला ते नोंदले जाते. ही माहिती तुमच्या तक्रारीच्या पोलीस ठाण्याकडे जाते आणि तुम्हालाही एसएमएस येतो. तो आला की ठाण्यात जाऊन तपास अधिकाऱ्याला रिक्वेस्ट आयडीसह भेटा. ठाण्याकडे अशा सूचना पुष्कळ येतात. ज्याच्यामागे फिर्यादी उभा आहे ते प्रकरण पुढे सरकते, हे वास्तव आहे.

पोलिसांच्या हाती या टप्प्यावर सिमचा नंबर असतो. तो कोणाच्या नावावर आहे हे कंपनीकडच्या ग्राहक अर्जावरून कळते. जास्त खोलात जायचे तर कॉलच्या नोंदी मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. एका फोनच्या तपासात महिने जातात त्याचे हेही एक कारण. टॉवरवरून मिळणारे ठिकाणही नकाशातल्या ठिपक्यासारखे नेमके नसते. दाट वस्तीत ते काहीशे मीटरच्या परिसराचे असते, ग्रामीण भागात काही किलोमीटरचे. प्रत्यक्षात घर शोधण्यापेक्षा सिमधारकाला फोन करून 'हा हँडसेट चोरीचा आहे, ठाण्यात जमा करा' असे सांगून बरेच फोन परत येतात. तो सिमधारक बहुधा चोर नसतो. स्वस्तात फोन मिळाला म्हणून घेतलेला कोणीतरी असतो.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. आयएमईआय टाकला की नकाशावर फोन दाखवतो म्हणणारी खासगी ॲप आणि संकेतस्थळे खोटी आहेत. हँडसेटची नोंद मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेत असते. बाहेरच्या कोणाला तिथे प्रवेश नाही. तिथे टाकलेला आयएमईआय, नंबर आणि पैसे उलट फसवणुकीला उपयोगी पडतात.

फोन सापडत नाही तेव्हा

सगळे नीट करूनही अनेक फोन मिळत नाहीत, त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले म्हणजे, ही बंदी भारतातल्या नेटवर्कपुरती आहे. सीमेपलीकडे नेलेला फोन तिथल्या सिमवर चालू शकतो. दुसरे, फोन उघडून स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी असे सुटे भाग विकले जातात. मदरबोर्ड कधी नेटवर्कवर आलाच नाही तर नोंद कसली होणार? तिसरे, बंद फोनवर वाय-फाय चालते. कोणी तो सिमशिवाय नुसता व्हिडिओ पाहायला वापरला तर सीईआयआरला पत्ता लागत नाही. अशा वेळी मात्र फाइंड हब किंवा ॲपलची सोय उपयोगी पडते, कारण ती इंटरनेटवर चालते. खात्यातून फोन काढू नका म्हणतो ते यासाठीसुद्धा.

चौथे कारण सर्वात वाईट: आयएमईआय बदलणे. विशेष सॉफ्टवेअरने काही फोनचा क्रमांक पुसून दुसरा घातला जातो. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून अधिक फोन चालू असल्याचे आढळले होते. असे झाले की काळ्या यादीतला क्रमांक नेटवर्कवर येतच नाही. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ नुसार ही छेडछाड गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक उत्पादकाला फोन विकण्याआधी त्याचा आयएमईआय सरकारी संकेतस्थळावर नोंदवावा लागतो, तोही बनावट क्रमांक ओळखता यावेत म्हणून.

फोन गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी आणखी एक तपासणी करा. फोनमध्ये आधार, पॅनचे फोटो होते का? संचार साथीवर तुमच्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते दिसते. एका व्यक्तीला देशात बहुतेक ठिकाणी नऊ सिमची मर्यादा आहे, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत सहाची. तुम्ही न घेतलेला नंबर यादीत दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' अशी नोंद करता येते.

फोन मिळाला तर

पोलिसांनी जप्त केलेला फोन मुद्देमाल असतो. एफआयआर असेल तर तो सहसा न्यायालयाच्या आदेशाने मालकाला परत मिळतो. त्यासाठी अर्ज, बिल, ओळखपत्र आणि पुन्हा गरज लागल्यास फोन हजर करीन असे हमीपत्र लागते. गहाळ नोंदीतले फोन बहुधा ठाण्यातूनच ओळख पटवून दिले जातात.

फोन हातात आला तरी तो नेटवर्कवर बंदच असतो. आपोआप सुरू होत नाही. संचार साथीवर 'सापडलेला फोन सुरू करा' या भागात रिक्वेस्ट आयडी, अर्जात दिलेला ओटीपीचा नंबर आणि कारण भरले की बंदी उठते. इथे तोच जुना नंबर लागतो. पहिल्या अर्जात तात्पुरता म्हणून कोणा ओळखीच्याचा नंबर दिला असेल तर तो माणूस शोधत फिरावे लागते, म्हणून घरातल्याच माणसाचा द्या. बंदी उठवण्याआधी फोन मूळ स्थितीत आणून घ्या. मधल्या काळात त्यात काय घातले गेले हे सांगता येत नाही.

जुना फोन विकत घेताना

चोरीच्या फोनला गिऱ्हाईक आहे म्हणून चोरी होते, तेव्हा हा भाग वाचून सोडून देऊ नका. जुना फोन घेताना पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय पाहा आणि तो खोक्याशी व बिलाशी जुळतो का ते बघा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा आणि पंधरा आकडी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. संचार साथीच्या ॲपमध्येही हीच तपासणी आहे. उत्तरात काळ्या यादीत, दुबार किंवा आधीच वापरात असे आले तर तो फोन घेऊ नका. मॉडेलचे नाव हातातल्या फोनपेक्षा वेगळे आले तर क्रमांक बदललेला असण्याची शक्यता आहे, तोही नको. नंतर विक्रेत्यासमोरच फोन मूळ स्थितीत आणायला लावा. सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो देता आला नाही, तर त्याचा अर्थ समजून घ्या.

चोरी आजच झाली असेल तर फोन अजून यादीत नसेल, म्हणून नुसत्या एसएमएसवर विसंबू नका. आयएमईआय लिहिलेली पावती, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि पैसे यूपीआयने दिल्याची नोंद, या तिन्ही ठेवा. पुढे पोलिसांचा फोन आला तर फोन गेलाच असे समजा, तो मूळ मालकाचा आहे. पण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि तुम्हाला माहीत नव्हते हे या तीन कागदांवरूनच दाखवता येते. असा फोन आल्यावर सिम काढून हँडसेट लपवू नका किंवा पुढे विकू नका. आधी त्या पोलीस ठाण्याच्या अधिकृत नंबरवर उलट फोन करून खात्री करा, मग जवळच्या ठाण्यात तो जमा करून लेखी पोच घ्या आणि विक्रेत्याची माहिती द्या.